मानाचा गोरेपणा नाकारणारा खेळाडू

रग्बी हा खेळ आपल्या खेड्यापाड्यांत फारसा कुणी पाहिलेला नसतो. अंड्याच्या आकाराचा चेंडू बगलेत मारून धावायचे आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्याच्या कमरेला मिठी घालून त्याला आडवे करायचे, असा हा खेळ. हुतुतूतली पकड आठवा, म्हणजे थोडी कल्पना येईल. एकेका बाजूला पंधरा गडी. ऑस्ट्रेलियात या खेळाला मोठा मान आहे. तिथल्या राष्ट्रीय संघातून १९६२ साली लॉइड मॅकडरमॉट न्यूझीलंडविरुद्ध दोन कसोटी सामने खेळले.

मॅकडरमॉट यांचा जन्म १९३९ चा, क्वीन्सलंडमधल्या आइड्सव्होल्ड या लहानशा गावचा. ते त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणजे आदिवासी. या लोकांच्या जमिनी तर गोऱ्यांच्या वसाहतींखाली गेल्याच होत्या. शिवाय क्वीन्सलंडच्या खास कायद्यांखाली आलेल्यांनी कुठे राहायचे, त्यांच्या मजुरीचा पैसा कुणी सांभाळायचा, हेही सरकारी अंमलदार ठरवीत. देशाची लोकसंख्या मोजताना आदिवासींना धरू नये, असे राज्यघटनेतच लिहिलेले होते. ते कलम १९६७ च्या सार्वमताने गेले. शंभरात नव्वदांहून अधिक मते त्या बदलाच्या बाजूने पडली.

हे घडण्याच्या चार वर्षे आधी, १९६३ साली, ऑस्ट्रेलियाचा संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाला. तिथे वर्णभेदाचे राज्य होते. काळ्यागोऱ्यांनी एकत्र खेळायचे नाही, हा तिथला दंडक. १९६० साली न्यूझीलंडने तिथे संघ पाठवला, तो माओरी खेळाडूंना वगळूनच. मॅकडरमॉट यांना जायचे तर एकच वाट होती. दौऱ्यापुरते त्यांना ‘मानाचे गोरे’ समजले जाणार होते. म्हणजे पाहुणा म्हणून पंगतीला बसा, पण आपली जात उंबऱ्याबाहेर ठेवून या!

मॅकडरमॉट गेले नाहीत. ते रग्बी लीग या खेळाच्या दुसऱ्या शाखेकडे वळले. तिथे खेळाडूंना पैसे मिळत. पण एकदा पैसे घेऊन खेळणाऱ्याला जुन्या शाखेत परत प्रवेश नसे. राष्ट्रीय संघाचे दार असे कायमचे बंद झाले. ऐन चोविशीत त्यांनी मोजलेली ही किंमत लहान नव्हती. पुढे १९७१ साली दक्षिण आफ्रिकेचा संघ ऑस्ट्रेलियात आला, तेव्हा हजारो लोक निषेधाला रस्त्यावर उतरले. १९६३ साली मात्र मागे असा जमाव नव्हता.

खेळ सुटला, पण अभ्यास सुटला नाही. कायद्याचे शिक्षण घेऊन मॅकडरमॉट १९७२ साली बॅरिस्टर झाले. ऑस्ट्रेलियातले ते पहिले आदिवासी बॅरिस्टर. ज्यांच्याविषयीचे कायदे नेहमी दुसऱ्यांनीच केले, त्यांच्यातला माणूस आता न्यायासनापुढे वकिलीचा झगा घालून उभा राहिला, याचे मोल शिक्षकांना सांगायला नकोच.

पुढे १९९० नंतरच्या वर्षांत त्यांनी आदिवासी मुलांसाठी रग्बीचे शिक्षण देणारी संस्था उभी केली. ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. खेळाच्या ओढीने मूल आले, की त्याला शाळेत टिकवता येते, हे त्यांनी ओळखले होते. २०१९ साली ते वारले. कसोटी सामने ते दोनच खेळले; पण ज्या मैदानावर स्वतःला परतता आले नाही, त्याची वाट त्यांनी आपल्या मुलांना मोकळी करून दिली, आणि तीही नाव न बदलता, रंग न लपवता.