कुलुपातले प्रबंध

पीएच.डी.च्या प्रबंधाइतके दुर्दैवी पुस्तक दुसरे नसेल! चार-पाच वर्षे रक्त आटवून तो लिहावा, टंकलेखकाकडून कार्बन घालून त्याच्या प्रती काढाव्यात, कापडी बांधणीवर सोनेरी अक्षरे उमटवावीत, दोघा-तिघा परीक्षकांनी तो वाचावा. आणि मग विद्यापीठाच्या ग्रंथालयातील कपाटात त्याने कायमचे विसावावे. घरी न्यायला तो सहसा मिळत नसे. नागपूरच्या अभ्यासकाला मुंबईतला प्रबंध पाहावयाचा, तर आगगाडीचे भाडे, ओळखीच्या घरची पथारी आणि ग्रंथपालांची मर्जी अशी तिहेरी तजवीज करावी लागे. त्यामुळे एकाच विषयावर दोन विद्यापीठांत दोघे जण एकमेकांच्या नकळत खपत राहिले, तर नवल ते काय?

देशातील विद्यापीठांची ग्रंथालये संगणकाने जोडावीत, म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली ‘इन्फ्लिबनेट’ हा प्रकल्प काढला. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या छत्राखाली तो सुरू झाला आणि १९९६ मध्ये स्वतंत्र झाला. बिऱ्हाड मात्र गुजरातेत. खरी कलाटणी मिळाली ती २००९ साली. पदवी जाहीर होताच तीस दिवसांच्या आत प्रबंधाची संगणकीय प्रत विद्यापीठाने आयोगाकडे धाडलीच पाहिजे, असा नियम झाला. या प्रती जेथे साठल्या ती ‘शोधगंगा’. नाव ठेवणारा रसिक खरा. कारण नियोजित संशोधनाचे आराखडे जेथे ठेवतात, तिला ‘शोधगंगोत्री’ म्हणतात! आज तिथे पाच लाखांवर प्रबंध आहेत, आणि गडचिरोलीतल्या मुलीलाही ते घरबसल्या, एक पैसा न देता वाचता येतात. हे मी लहान काम मानत नाही.

गंगेबरोबर गाळही आला. प्रबंध उघड्यावर येताच कोणी कोणाचे उतारे उचलले, तेही दिसू लागले. २०१८ च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले. साठ टक्क्यांवर गेले, तर संशोधकाची नोंदणीच रद्द!

मराठी प्रबंधांचे दुखणे निराळे आहे. त्यांतले कित्येक म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे. कित्येक जुन्या टंकांत बांधलेले, ज्यांची अक्षरे डोळ्यांना मराठी दिसतात, पण यंत्राला अगम्य वाटतात. तुकारामांवर प्रबंध आहे, हे शीर्षकावरून कळते. परंतु एखाद्या अभंगाची चर्चा त्यात कोठे आली आहे हे पाहावयाचे, तर आजही पूर्वीसारखे पान न् पान उलटावे लागते.