सार्वजनिक सेवांतील कृत्रिम बुद्धिमत्ता : काही गैरसमज

शिधावाटप, भत्ते, करवसुली यांसारख्या सरकारी कामांत संगणकीय निर्णयप्रणाली वापरण्याविषयी रूढ झालेल्या चुकीच्या समजुती.

यंत्राला आपपरभाव नसतो, म्हणून त्याचा निर्णय निःपक्ष असतो, ही समजूत सर्वांत पक्की. नेदरलँड्सच्या करखात्याने बालसंगोपन भत्त्यातील लबाडी हुडकण्यासाठी २०१३ पासून वापरलेल्या प्रणालीत अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही एक निकष होता. हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा ठपका बसला आणि १५ जानेवारी २०२१ रोजी मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

‘शेवटी सही माणसाचीच असते’ हा दिलासाही याच प्रकरणात फोल ठरला. अर्ज तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला जोखमीचा शेरा मिळे, त्यामागचे कारण मिळत नसे. कारणच ठाऊक नसेल तर तपासणी नावापुरती उरते.

घोळ झाला की तो कृत्रिम बुद्धिमत्तेचाच, हाही गैरसमजच. त्यासाठी हटकून दिले जाणारे ऑस्ट्रेलियातील ‘रोबोडेट’ या भत्तावसुली योजनेचे उदाहरण (२०१५ ते २०१९) म्हणजे साधा भागाकार होता. वर्षाची कमाई २६ पंधरवड्यांत सारखी वाटली जाई. समजा, एखाद्याने सहा महिने काम करून २६,००० डॉलर मिळवले आणि उरलेले सहा महिने बेकारभत्ता घेतला. तर बेकारीतही त्याला दर पंधरवड्याला १,००० डॉलर मिळत होते, असे हिशेबात दिसे आणि वसुलीची नोटीस निघे. जुन्या पगारपावत्या शोधून आणण्याचे ओझे त्याच्यावरच. ही योजना न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने २०२३ मध्ये काढला. यात दोष यंत्राच्या हुशारीचा नव्हता. पुरावा देण्याची जबाबदारी सरकारने नागरिकावर ढकलली, हे खरे दुखणे.

माहितीचे साठे एकमेकांना जोडले की बोगस लाभार्थी आपोआप गळतात, असे भारतात मानले जाते. तेलंगणातील ‘समग्र वेदिका’ प्रणाली निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी जुळवते. नावांतील साधर्म्यामुळे तिने एका रिक्षा ओढणाऱ्याला मोटारमालक ठरवले आणि त्याच्या कुटुंबाला शिधा नाकारला गेला. त्या राज्यात रद्द झालेल्या शिधापत्रिकांची प्रत्यक्ष फेरतपासणी करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.