१४. वॉटर पोलो
दोन संघांचा, प्रत्येकी सात खेळाडूंचा, पाण्यातला चेंडूचा खेळ. तळाला पाय टेकवायचे नाहीत. गोलरक्षकाखेरीज कुणी चेंडूला दोन्ही हात लावायचे नाहीत. लेखकाच्या नगर जिल्ह्यात पोरं पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. पण वॉटर पोलो वाढला तो तरणतलाव असलेल्या मुंबई-कोलकात्यात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय संघ उतरला, त्यात मुंबईचे आयझॅक मन्सूर होते. १९५२ ला हेलसिंकीतही होते. १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने या खेळाचे सुवर्णपदक जिंकले. एवढे मोठे यश आपल्या क्रीडालेखनात जेमतेम एका ओळीत उरकले जाते, हे खेदजनक आहे. पुढे १९७० ला रौप्य, १९८२ ला कांस्य.