खाजकुहिली, कंपवात आणि एक विष

खाजकुहिलीचें नांव काढतांच मराठी मुलखांत अंग खाजूं लागतें. वैद्यांना मात्र तिच्या बियांचें मोल पूर्वीपासून ठाऊक होतें. १९३७ सालीं मद्रासच्या दामोदरन् व रामस्वामी यांनीं त्यांतून डोपा हें द्रव्य वेगळें केलें. १९७८ मध्यें मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य प्रभृतींनीं तेंच बीं कंपवाताच्या रुग्णांना देऊन गुण नोंदविला. परंतु डोपानें मेंदूंतील उणीव भरून निघते. मरणारी पेशी वांचत नाहीं. तिच्या रक्षणाचा विचार सुचविला तो, नवल असें कीं, एका विषानें! १९८२ सालीं कॅलिफोर्नियांत बनावट हेरॉइन टोचून घेतलेलीं कांहीं तरुण माणसें एकाएकीं ताठरलीं. त्यांत मिसळलेल्या एमपीटीपीचें खरें विष मेंदूंतीलच एका विकरामुळें तयार होतें. १९८४ मध्यें तें विकर अगोदरच रोखतांच उंदरांच्या पेशी वांचल्या. मनुष्यांत तसें रक्षण अद्याप सिद्ध झालेलें नाहीं.