धार लावणारी पेटी

दिवाळीच्या आधीचे चार दिवस म्हणजे घरातल्या सगळ्या धारांची परीक्षा. चिवड्याचे खोबरे कापायला सुरी घ्यावी तर ती खोबऱ्यावरून नुसती घसरते, विळीने भाजी चिरण्याऐवजी चेंगरते, आणि अडकित्ता तर वर्षभराचा रुसलेलाच असतो. मग घरातला कोणीतरी कर्ता पुरुष पुढे होतो आणि मोरीच्या दगडावर सुरीचे चार हात मारतो. सुरी त्या दिवसापुरती चालते, पण आठ दिवसांनी पाहावे तो तिची अवस्था पहिल्यापेक्षा वाईट. दोष कधी दगडाला मिळतो, कधी हल्लीच्या पोलादाला. मनगटाला मात्र तो कोणी देत नाही.

धार म्हणजे पोलादाचे दोन उतार जिथे एकमेकांना मिळतात ती रेघ. हे उतार सपाट असले आणि त्यांच्यातला कोन ठराविक असला, तरच ती रेघ बारीक उमटते. हाताने घासताना पहिला हात दगडावर थोडा आडवा पडतो, दुसरा थोडा उभा, तिसरा भलतीकडेच. उतार सपाट होण्याऐवजी गोल होतात आणि सुरी घासूनघासून बोथट होत जाते. वीस-वीस वर्षे हेच काम करणाऱ्या शिकलगाराचे मनगट आपोआप एका जागी ठरते. बाकीच्यांचे ते ठरत नाही. ते यंत्राने ठरवावे म्हणून गेल्या दीड-दोनशे वर्षांत जी खटपट झाली, तिची ही हकीकत. ती मी वस्तऱ्याच्या अंगाने सांगणार आहे; कारण बोथट सुरीवर बायकामाणसे एखादा उसासा टाकून काम भागवतात, पण बोथट वस्तऱ्यापुढे गाल धरायची वेळ आली म्हणजे भल्याभल्यांना धारेचे शास्त्र आठवते!

आपल्या गावगाड्यातल्या न्हाव्याची धोकटी आठवून पाहा. तीत वाटी, आरसा, नराणी, निसणा आणि वस्तरा. या वस्तऱ्याकडे कारागिराच्या नजरेने पाहिले तर त्यात एक मोठी हुशारी दडलेली दिसते. त्याची पाठ जाड असते. निसण्यावर वस्तरा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकतात, आणि या दोहोंच्या टेकण्यानेच कोन ठरून जातो. तो साधारणपणे सोळा-सतरा अंशांचा असतो. न्हाव्याला तो मोजावा लागत नाही. पुढे घासून घासून धार झिजते तशी पाठही झिजते, म्हणून पंचवीस वर्षांनी वस्तरा अरुंद झाला तरी कोन जवळजवळ तोच राहतो. म्हणजे यंत्राने जे साधायचे होते त्यातले अर्धे काम वस्तऱ्याने केव्हाच साधले होते. उरलेले अर्धे होते चामड्याच्या पट्ट्यावर.

पट्ट्यावर वस्तरा उलटा ओढावा लागतो, पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला पोचल्यावर तो पाठीवरून उलटवायचा, धारेवरून नव्हे. धारेवरून उलटवला तर पट्टा कापला जाईल आणि धारही दुमडेल. न्हाव्याच्या मनगटाची ती लयबद्ध फटक-फटक ऐकायला सोपी, पण करू गेलेल्या माणसाला ती महिनोन्‌महिने वश होत नाही. यंत्र करणाऱ्यांपुढे खरा प्रश्न या उलटवण्याचाच होता.

आणि हे रोज का करावे लागते? केसापेक्षा पोलाद पन्नासपट कठीण. केसाने ते बोथट व्हावे हेच मुळी नवल. त्याचे उत्तर अगदी अलीकडे, २०२० साली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी दिले. दाढी करता करता सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यांना दिसले की, धार सावकाश झिजत बसत नाही. पोलादाच्या अंतर्रचनेत जिथे कमी-जास्तपणा असतो, तिथे वाकलेला केस धारेची बारीकशी कपची उडवतो. आपल्या न्हाव्याला ही कपची दिसत नव्हती. पण पट्टा रोज हवा हे त्याला ठाऊक होते.

युरोपात ‘आपली दाढी आपण करावी’ हा विचार पॅरिसच्या एका सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्याने नेटाने मांडला. त्याचे नाव झाँ-झाक पेरे. १७६९ साली त्याने स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर चक्क पुस्तक लिहिले, आणि वस्तऱ्याला लाकडी आवरण घालून गाल वाचवायची युक्ती सुचवली. पण गाल वाचला तरी धार लावायची कोणी? पुढे १८८० साली न्यूयॉर्कच्या कांफे बंधूंनी वस्तऱ्याचा जेमतेम दीड इंचाचा तुकडा फावड्यासारख्या दांड्यावर बसवला आणि त्याला ‘सेफ्टी रेझर’ हे नाव दिले. कवी आणि डॉक्टर असलेले ऑलिव्हर वेंडेल होम्स युरोपच्या प्रवासात आगबोटीवर हा रेझर वापरून इतके खूश झाले की, १८८७ सालच्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी त्याची तोंडभर स्तुती केली. मात्र हा तुकडा रोज बाहेर काढून, चिमट्यात धरून पट्ट्यावर घासावा लागे. मनगटाची गरज तशीच राहिली.

ती गरज संपवली हेन्री गेसमन याने. हा माणूस १८६९ साली अमेरिकेतल्या मेंफिस गावी जन्मला. कल्पकता अशी की, फोटोच्या फिल्मवरच मजकूर लिहिता यावा अशी कॅमेऱ्याची एक युक्ती त्याने काढली आणि १९१४ साली कोडॅकचे मालक ईस्टमन यांना ती तीन लाख डॉलरला विकली. पण त्याचे खरे प्रेम रेझरवर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने काढलेल्या ‘ऑटोस्ट्रॉप’ रेझरच्या डोक्यात एक लहानसा रूळ होता. चामड्याचा पट्टा एका टोकाने खुंटीला अडकवायचा, दुसरे टोक रेझरच्या डोक्यातून ओवून घ्यायचे, आणि रेझर पट्ट्यावर मागेपुढे सरकवायचा. दिशा बदलली की रूळ उलटा फिरे आणि त्याबरोबर आतले पाते आपोआप कूस बदले. कोन ठरलेला, उलटणे ठरलेले, पाते काढायची गरजच नाही. न्हाव्याचे मनगट दोन बोटे रुंदीच्या यंत्रात येऊन बसले. रेझरचे नावही त्याने ‘व्हॅलेट’ म्हणजे खाजगी नोकर असे ठेवले, ते काही उगीच नाही.

याच सुमारास दुसरा एक माणूस अगदी उलट दिशेने निघाला होता. किंग कँप जिलेट हा बाटल्यांची बुचे विकणारा फिरता विक्रेता. बुचांचा शोध लावणाऱ्या मालकाने त्याला सांगून ठेवले होते की, लोक एकदा वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील असे काहीतरी काढ. १८९५ साली एका सकाळी बोथट वस्तरा हातात धरून उभा असताना त्याला वाटले, धार लावायचीच कशाला? त्याने बाजारातून पितळेचे तुकडे, घड्याळाच्या कमानीची पोलादी पट्टी, एक लहान पकड आणि कानशी आणल्या आणि नमुना करायला बसला. गंमत म्हणजे वर्षभरापूर्वीच याच गृहस्थाने सारा व्यापार एका महामंडळाच्या हाती देऊन जगातली स्पर्धा बंद करावी, असे सांगणारे पुस्तक लिहिले होते!

नमुना झाला, पण पाते होईना. इतकी पातळ पट्टी तापवून पाणी दिले की ती वाकडी होते, आणि वाकड्या पट्टीला धार लागत नाही. जाणत्यांनी हे अशक्य ठरवले. मार्ग काढला विल्यम निकर्सन नावाच्या इंजिनियराने. इंग्रजीत ‘निक’ म्हणजे बारीकसा काप, तेव्हा असे नाव रेझरवर छापायची सोय नव्हती. निकर्सनने पट्टी सरळ ठेवून कडक करायची रीत बसवली, आणि हजारो पात्यांना तंतोतंत एकाच कोनाची धार लावणारी यंत्रे बांधली. पाते जाड किती, तर इंचाच्या सुमारे सहा सहस्रांश. माझ्या मते जिलेटच्या यशाचे श्रेय जेवढे फेकण्याच्या कल्पनेला दिले जाते तेवढेच या यंत्रांना द्यायला हवे. लोकांना वाटले धार लावणे संपले. वास्तविक ते घरातून उठून बॉस्टनच्या कारखान्यात गेले होते.

अशा यंत्राला दगडही एकसारखा लागतो. खाणीतल्या दगडात एखादा कठीण कण निघाला की सारी शिस्त बिघडते. इथे आपल्याकडचा एक शब्द जगभर हिंडून आलेला दिसतो. दक्षिणेतल्या कुरुंद दगडाची भुकटी लाखेत कालवून आपले कारागीर तिच्या चकत्या करीत. याच शब्दाच्या तमिळ रूपावरून इंग्रजीत ‘कोरंडम’ आला. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने विजेच्या भट्टीत चमचमते कठीण स्फटिक तयार केले, तेव्हा ते कार्बन आणि कोरंडम यांचे मिश्रण असावे अशा समजुतीने त्याने त्यांना ‘कार्बोरंडम’ म्हटले. समजूत चुकीची निघाली, पण नाव टिकले, आणि पाहिजे तितक्या एकसारख्या कणांचे दगड कारखान्यांना मिळू लागले.

१९०३ साली जिलेटचे अवघे ५१ रेझर विकले गेले. पुढल्याच वर्षी हा आकडा ९० हजारांच्या वर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले, आणि घरी परतलेल्या त्या सैनिकांनी रोजच्या दाढीची आणि पाती फेकण्याची सवय बरोबर आणली. अमेरिकेत औषधांच्या भिंतीतल्या कपाटाला मागे एक चीर ठेवण्याची पद्धत पडली. वापरलेले पाते त्या चिरेत टाकायचे, ते भिंतीच्या पोकळीत पडायचे. जुनी घरे पाडताना गंजक्या पात्यांचे ढीग आजही बाहेर येतात.

काटकसरी माणसाला मात्र फेकणे सहजासहजी पचत नाही. तो काचेचा पेला घेई, पाते आतल्या बाजूला टेकवून मधोमध बोटाने दाबी आणि मागेपुढे घाशी. दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईत तर हा उद्योग फारच फोफावला. लोक त्याला चिकटपणा म्हणून हसत, पण यात भूमिती आहे. पात्याची रुंदी २२ मिलिमीटर. पेल्याचा आतला व्यास साडेसहा सेंटिमीटर धरला, तर पात्याच्या दोन्ही कडा काचेला सारख्याच, म्हणजे सुमारे वीस अंशांच्या कोनात टेकतात. बोटाचा दाब वाढवला की पाते लवते आणि कोन कमी होतो. वस्तऱ्याच्या पाठीने जे केले तेच पेल्याची गोलाई करीत होती. पोलाद मात्र इतके पातळ की चार-सहा दाढ्यांपलीकडे मजल जात नसे.

इंग्लंडात या काटकसरीला राजेशाही थाट मिळाला तो ‘रोल्स रेझर’ने. लंडनच्या क्रिकलवुड भागात १९२७ च्या सुमारास हा धंदा उभा राहिला. चष्म्याच्या डबीपेक्षा थोडी मोठी अशी चकचकीत धातूची पेटी. एका झाकणाच्या आत दगड, दुसऱ्याच्या आत तांबडे चामडे. मध्ये खऱ्या वस्तऱ्यासारखे जाड पाठीचे आखूड पाते. एक झाकण काढून दांडी मागेपुढे सरकवली की खटक-खटक करीत पाते दर फेरीला आपणहून कूस पालटी. रोज चामडे, आणि कधीमधी दगड. पाते एकच, वर्षानुवर्षे पुरणारे. आपल्याकडेही जुन्या वाड्यांतल्या ट्रंकांतून ही पेटी अधूनमधून निघते. नातवंडांना ती काय आहे हे कळत नाही. त्यांना तो खटक-खटक आवाज मात्र फार आवडतो.

इकडे अमेरिकेत गेसमन आणि जिलेट यांची गाठ पडायचीच होती. गेसमनने जिलेटच्या रेझरमध्येही बसेल असे दुधारी पाते काढून ते जिलेट कंपनीला देऊ केले. कंपनीने नाकारले. त्याने पेटंट घेतले. पुढे १९३० साली जिलेटने नवे पाते बाजारात आणले तेव्हा गेसमनने दावा लावला, आणि शेवटी दोन्ही कंपन्या एक करायचे ठरले. व्यवहारापूर्वी गेसमनच्या बाजूच्या हिशेबनिसांनी जिलेटच्या वह्या उघडल्या, तो गेल्या पाच वर्षांचा नफा सुमारे सव्वा कोट डॉलरनी फुगवून दाखवलेला! शेअर कोसळले. जो विकत घेणार होता त्याच्याच घराच्या किल्ल्या विकणाऱ्याच्या हाती आल्या. गेसमन जिलेट कंपनीचा अध्यक्ष झाला. मंदीत जवळजवळ सारे गमावलेला किंग जिलेट १९३२ साली वारला.

आता पट्ट्याने धार लावायची हयातभर खटपट करणारा माणूस जगातल्या सर्वांत मोठ्या फेकण्याच्या पात्यांच्या कारखान्यावर बसला. त्याने कारखाना बदलून घराघरांत पट्टे पोचवले का? नाही. धंद्याच्या दृष्टीने त्यात काहीच हशील नव्हते, आणि गेसमन धंदेवाईकही पक्का होता. १९६० नंतर स्टेनलेस पोलादाची, वरून सूक्ष्म लेप दिलेली पाती आली, तेव्हा घरी धार लावण्याचा प्रश्नच मिटला. कारण घासले की लेप जातो आणि पाते पहिल्यापेक्षा खरखरीत लागते.

रोल्स रेझरचे नाव तोवर कपडे धुण्याच्या यंत्रांवर गेले होते. जॉन ब्लूम नावाच्या तरुण व्यापाऱ्याने ती कंपनी हाती घेतली, दारोदार स्वस्त यंत्रे विकण्याचा धडाका लावला, आणि जुलै १९६४ मध्ये कंपनी बुडाली. हेन्री गेसमन मात्र चांगला १०४ वर्षे जगला. १९७१ साली जिलेट कंपनीने जुळ्या पात्यांचा रेझर काढला, तेव्हा तो १०१ वर्षांचा होता. त्या रेझरची पाती प्लास्टिकच्या डबीत पक्की बसवलेली होती. ती बाहेर काढून पट्ट्यावर घासायची सोयच त्यात ठेवलेली नव्हती.