पर्जन्यजल-निस्सारण, नागरी : गणितीय प्रतिमाने

शहरातील रस्ते, आवारे व छपरे यांवरील पावसाचे पाणी जाळीमुखांतून भूमिगत वाहिन्यांत कोणत्या वेगाने उतरते, याची गणिती मांडणी. तिचा आरंभ आयरिश अभियंते टी. जे. मुल्वानी यांच्या १८५० च्या सुमाराच्या विवेचनात आढळतो. पर्जन्याची तीव्रता, क्षेत्रफळ व अपवाह गुणक (पडलेल्या पावसापैकी वाहून येणाऱ्या पाण्याचे प्रमाण) यांच्या गुणाकाराने कमाल प्रवाह काढण्याची रीत पुढे अमेरिकेत कुइकलिंग (१८८९) व इंग्लंडमध्ये लॉइड-डेव्हिस (१९०६) यांनी शहरांतील गटारांस लावली.

मुंबईच्या जुन्या वाहिन्या तासाला २५ मिमी. पाऊस व ०·५ गुणक धरून आखलेल्या होत्या. म्हणजे निम्मे पाणी वाहिनीपर्यंत येणारच नाही, असे गृहीत होते. खाजणे व मोकळ्या जागा बांधकामाखाली गेल्यावर हे गृहीत लटके पडले. १९८५ च्या पुरानंतर हाती घेतलेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने (१९९३) ५० मिमी. व गुणक १ ही परिमाणे सुचविली. त्या शिफारशींचा मोठा भाग अमलात येण्यापूर्वीच २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, त्यापैकी एका तासात सु. १९० मिमी. कोसळला. कुलाब्यास मात्र सु. ७३ मिमी.च नोंदला गेला. संपूर्ण शहरास एकच पर्जन्यमान लावणे किती फसवे आहे, हे त्यावरून दिसून आले. दुपारी समुद्रास ४·४८ मी. उंचीची भरती होती. शेकडो माणसे दगावली.

जुन्या सूत्रात रस्त्यावरचे सर्व पाणी वाहिनीत शिरते व एकाच दिशेने वाहते, असे मानलेले असते. नव्या प्रतिमानांत रस्ता व वाहिनी हे दोन प्रवाह एकत्र सोडवितात. उथळ पाणी जाळीच्या कडेवरून बंधाऱ्यावरून पडावे तसे पडते व प्रवाह खोलीच्या दीडाव्या घातानुसार वाढतो. जाळी बुडाली की तो पातळ्यांमधील फरकाच्या वर्गमूळानुसारच वाढतो. भरतीमुळे मुख कोंडून वाहिनीतील दाब चढला, तर तेच पाणी उलट रस्त्यावर येते. जाळीचे क्षेत्रफळ आराखड्यावरून घेता येते. परंतु गाळ व प्लॅस्टिकच्या पिशव्या त्यातील किती भाग खुला ठेवतील, हे कोणत्याही सूत्रात बसत नाही.

पाणी लवकर ओसरावे म्हणून लोक मॅनहोलची झाकणे काढतात. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात अशा उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसविण्याचे काम हाती घेण्यात आले. पाऊस, भरती व वाहिन्यांची क्षमता यांचा एकत्र विचार करणारी ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर-इशारा प्रणाली जून २०२० मध्ये सुरू झाली.