छायाचित्रांत उरलेली टेकडी

ध्वनिक्षेपकावरून छायाचित्रांविषयीं बोलावयाचें हा थोडासा विचित्रच उद्योग आहे. जी वस्तु केवळ डोळ्यांसाठीं घडविलेली, ती कानांवाटें आपणांपर्यंत पोंचवावयाची! परंतु आज ज्या छायाचित्रांची हकीकत मी सांगणार आहें, तीं नुसतीं पाहून भागत नाहीं. त्यांच्याविषयीं कोणीतरी सांगावें लागतें. आणि सांगणारा भेटला नाहीं, तर तीं मुकीं राहतात.

हीं छायाचित्रें पिट्सबर्ग शहराचीं आहेत. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यांत अ‍ॅलेगेनी आणि मोनाँगहेला या दोन नद्यांचा संगम होऊन ओहायो नदी निघते. त्या संगमावर हें शहर वसलें आहे. आसपास दगडी कोळसा विपुल, मालवाहतुकीस नद्या सोयीच्या. त्यामुळें एकोणिसाव्या शतकांत येथें पोलादाच्या भट्ट्या पेटल्या आणि त्यांच्या धुरानें शहर काळवंडलें. १९४० नंतरच्या वर्षांतील कांहीं छायाचित्रांत दिवसाढवळ्या रस्त्यावरचे दिवे लागलेले आहेत, मोटारी दिवे लावून चालल्या आहेत, आणि पादचारी एखाद्या सायंकाळीं घरीं परतावे तसे दिसत आहेत. घड्याळ मात्र सकाळची वेळ दाखवीत असतें! धुराविरुद्ध लोकमत जागें करण्यास अशा चित्रांचा फार उपयोग झाला. धूर-नियंत्रणाचा नियम १९४१ सालीं झाला. महायुद्धामुळें त्याचा अंमल लांबला. १९४६ पासून तो खरोखर अमलांत येऊं लागला, आणि शहराला पुन्हां आकाश दिसूं लागलें.

आकाश दिसूं लागतांच शहराच्या धुरीणांना नवें शहर उभारण्याची स्वप्नें पडूं लागलीं. संगमावरील जुन्या वखारी पाडून तेथें उद्यान आणि उंच इमारती उभारण्याचें काम सुरू झालें. या नव्या जन्माची नोंद राहावी म्हणून १९५० सालीं रॉय स्ट्रायकर या गृहस्थांस पाचारण करण्यांत आलें. हे स्वतः छायाचित्रकार नव्हेत. परंतु छायाचित्रकारांकडून काम करवून घेण्यांत त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. मंदीच्या काळांत अमेरिकन सरकारच्या शेतीविषयक खात्यांतून डोरोथिया लँग, वॉकर एव्हन्स यांच्यासारख्या कलावंतांना त्यांनींच खेडोपाडीं पाठविलें होतें. पिट्सबर्गमध्यें त्यांच्या हाताखालीं हजारों चित्रें निघालीं. त्यांत भट्ट्या आहेत, पूल आहेत, बाजार आहेत. पडणाऱ्या भिंती आहेत आणि चढणारे पोलादी सांगाडेही आहेत. हा संग्रह आज तेथील कार्नेगी ग्रंथालयांत आहे.

त्यानंतर १९५५ सालीं युजीन स्मिथ हा विख्यात छायाचित्रकार तेथें गेला. शहराच्या द्विशताब्दीनिमित्त निघावयाच्या पुस्तकासाठीं त्यानें सुमारें शंभर चित्रें काढावीं, आणि तींहि कांहीं आठवड्यांत, अशी अपेक्षा होती. परंतु त्या शहरानें त्याला असें झपाटलें, कीं तो महिनेच्या महिने तेथेंच राहिला आणि शंभराच्या जागीं हजारों चित्रें काढून बसला. संपूर्ण शहर एका महाकाव्याप्रमाणें मांडण्याचा त्याचा संकल्प मनाजोगता कधींच तडीस गेला नाहीं.

हे दोघेही बाहेरून आलेले पाहुणे. एकाला शहराची प्रगति दाखवावयाची होती, दुसऱ्याला शहराचा आत्मा पकडावयाचा होता. त्याच वर्षांत त्याच शहरांत एक तिसरा माणूस खांद्याला कॅमेरा अडकवून रोज हिंडत होता. त्याला यांतलें कांहींच सिद्ध करावयाचें नव्हतें. त्याला फक्त आठवड्याच्या अंकासाठीं चित्र हवें होतें. आज विशेषेंकरून सांगावयाची आहे ती याची गोष्ट.

चार्ल्स हॅरिस हें त्याचें नांव. लहानपणापासून सारे त्याला लाडानें 'टीनी' म्हणत. त्याचा जन्म १९०८ सालीं पिट्सबर्गमध्येंच झाला. 'पिट्सबर्ग कूरियर' नांवाचें कृष्णवर्णीय समाजाचें एक साप्ताहिक १९०७ पासून तेथें निघत असे. रॉबर्ट व्हॅन यांच्या संपादकत्वाखालीं तें साऱ्या अमेरिकेंत पसरलें. दक्षिणेकडील राज्यांत उघडपणें विकणें धोक्याचें, म्हणून आगगाड्यांच्या शयनडब्यांत नोकरीस असलेले कृष्णवर्णीय सेवक त्याचे गठ्ठे गुपचूप पोंचवीत. १९४२ सालीं याच पत्रानें दुहेरी विजयाची चळवळ उभारली: परदेशांत हुकूमशाहीवर विजय आणि स्वदेशांत वर्णद्वेषावर विजय. या पत्रासाठीं हॅरिसनें सुमारें चाळीस वर्षें छायाचित्रें काढलीं.

त्याच्या काळचा वृत्तपत्री कॅमेरा म्हणजे एक अवजड पेटीच असे. प्रत्येक चित्रानंतर नवी फिल्म बसवावयाची आणि प्रकाशासाठीं नवा दिवा लावावयाचा. इतर बातमीदार एकाच प्रसंगाचीं चारपांच चित्रें घेत. हॅरिस एकच घेई आणि चालूं लागे. शहराचे मेयर डेव्हिड लॉरेन्स यांनीं त्याला 'वन शॉट' अशी पदवीच देऊन टाकली. एकेकच चित्र काढणाऱ्या या माणसाच्या संग्रहांत अखेर जवळजवळ ८०,००० निगेटिव्ह जमा झाल्या!

त्याचें कार्यक्षेत्र म्हणजे 'हिल डिस्ट्रिक्ट', अर्थात् टेकडीवरची वस्ती. ही शहराच्या व्यापारी पेठेला अगदीं लागून होती. युरोपांतून आलेले ज्यू आणि इटालियन, पश्चिम आशियांतून आलेले सीरियन, आणि दक्षिणेंतून पोटासाठीं आलेले कृष्णवर्णीय असे नाना लोक तेथें दाटीवाटीनें राहत. पुढें कृष्णवर्णीयांचें प्रमाण वाढत गेलें. वायली अ‍ॅव्हेन्यू हा तेथील मुख्य रस्ता. रात्रीं तेथील 'क्रॉफर्ड ग्रिल'सारख्या उपाहारगृहांतून जाझ संगीत चाले. ड्यूक एलिंग्टनसारखा थोर संगीतकार, लीना हॉर्नसारखी गायिका, जॉश गिब्सनसारखा बेसबॉलपटु हे सारे हॅरिसच्या कॅमेऱ्यापुढें येऊन गेले.

परंतु त्याच्या संग्रहाचें खरें मोल थोरामोठ्यांच्या चित्रांत नाहीं. लग्नाच्या पोषाखांतील नवरानवरी, न्हाव्याच्या दुकानांत पाळीची वाट पाहणारे म्हातारे, केस कुरळे करून घेणाऱ्या बायका, चर्चमधील गायकवृंद, पदवीचा झगा घालून ताठ उभी असलेली मुलगी, नव्या मोटारीला टेकून उभा राहिलेला तिचा मालक, रस्त्यावर खेळणारीं पोरें, आग, अपघात आणि निवडणुकीच्या सभा! शहराच्या मोठ्या वर्तमानपत्रांत या लोकांचें चित्र यावयाचें, तर बहुधा एखादा गुन्हा घडावा लागे. हॅरिसच्या चित्रांत तेच लोक रोजचें आयुष्य जगतांना दिसतात. कॅमेऱ्यामागें आपलाच माणूस उभा आहे, हा विश्वास त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट उमटलेला आहे.

आतां या टेकडीचें पुढें काय झालें तें ऐका. १९४९ सालीं अमेरिकेंत गृहनिर्माणाचा मोठा कायदा झाला आणि गलिच्छ वस्त्या पाडण्यास मध्यवर्ती सरकारचा पैसा मिळूं लागला. टेकडीचा खालचा भाग गलिच्छ ठरला. तो अगदींच खोटा आरोप होता असेंही नाहीं. पुष्कळ घरें जुनाट होतीं आणि त्यांत न्हाणीघराचीही सोय नव्हती. नव्या घरांची आशा दाखविली गेल्यामुळें वस्तींतल्याच कांहीं पुढाऱ्यांनीं या योजनेचें प्रथम स्वागत केलें. १९५६ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस पहिलें घर पडलें. पाहतां पाहतां ९५ एकर जागा मोकळी झाली. सुमारें १,३०० इमारती आणि ४०० हून अधिक दुकानें व धंदे नाहींसे झाले. ८,००० हून अधिक माणसें विस्थापित झालीं. बेथेल या जुन्या कृष्णवर्णीय मंडळीचें भव्य चर्चही १९५७ सालीं पाडण्यांत आलें. तें कोसळत असतांनाचें चित्र हॅरिसनेंच काढलेलें आहे.

त्या जागीं काय उभें राहिलें? उघडणाऱ्या पोलादी घुमटाचें एक प्रचंड सभागृह १९६१ सालीं बांधून झालें. तें संगीत-नाट्यासाठीं म्हणून उभारलें. पण गाजलें तें हॉकीच्या सामन्यांनीं. सभोंवतीं मोटारी उभ्या करण्याचीं विस्तीर्ण आवारें पसरलीं. ज्या घरांची आशा दाखविली होती, त्यांतलीं फारच थोडीं घरें प्रत्यक्षांत आलीं. अखेर रहिवाश्यांनीं क्रॉफर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर फलक लावला, कीं याच्या पलीकडे आतां पुनर्रचना नको. आणि वरची वस्ती वांचली. घुमटाचेंही आयुष्य मोठें ठरलें नाहीं. २०११-१२ मध्यें तोही जमीनदोस्त झाला. बेथेल चर्चला दीड एकर जागा परत देण्याचा करार व्हावयास २०२३ साल उजाडावें लागलें.

येथें छायाचित्रांकडे पुन्हां वळूं. पुनर्रचनेची बाजू मांडतांना जीं चित्रें पुढें येत, त्यांत मोडके जिने, केरानें भरलेलीं परसें आणि पोपडे सुटलेल्या भिंती दिसतात. त्याच गल्लींतलें हॅरिसचें चित्र पाहावें, तर अशाच एखाद्या जिन्यावर सणाचे कपडे घालून सारें कुटुंब उभें असतें. कॅमेरा दोन्ही ठिकाणीं खरेंच बोलला आहे. जिना मोडका होता आणि कुटुंबही सुखी होतें. परंतु ज्यांच्या हातीं निर्णय होता, त्यांच्यापुढें एकच चित्र मांडलें गेलें. दुसरें साप्ताहिकाच्या पानावर छापलें गेलें आणि पुढच्या आठवड्यांत विसरलें गेलें.

तें दुसरें चित्रही कायमचें नाहींसें व्हावयाचें. उतारवयांत हॅरिसनें निगेटिव्हांचा सांठा दुसऱ्याच्या हवालीं केला. आणि तो परत मिळावा म्हणून नव्वदीच्या उंबरठ्यावर त्याला न्यायालयांत धांव घ्यावी लागली. १९९८ सालीं तो वारला. त्यानंतर सांठा वारसांच्या हातीं आला आणि २००१ सालीं कार्नेगी कलासंग्रहालयानें तो विकत घेतला.

आतां नवीच अडचण उभी राहिली. बहुतेक निगेटिव्हांवर नांव नाहीं, तारीख नाहीं! संग्रहालयाच्या लोकांनीं साप्ताहिकाचे जुने अंक ताडून पाहिले. मोटारीच्या क्रमांकाच्या पाटीवर त्या काळीं साल असे. त्यावरून वर्ष ठरविलें. दुकानांच्या पाट्या वाचून रस्ता ओळखला. परंतु चेहऱ्यावर पाटी कोठली असणार? म्हणून २००३ पासून त्यांनीं प्रदर्शनें भरविलीं आणि टेकडीवरच्या जुन्या रहिवाश्यांना साधी विनंती केली: या, पाहा आणि कोण कोण आहे तें सांगा. म्हातारीं माणसें आलीं. कोणी आपली आई ओळखली, कोणी पाडलेलें दुकान ओळखलें, तर कोणी त्या दुकानांतल्या उधारीसुद्धां सांगितल्या. त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या. हॅरिसनें लहानपणीं जिचें चित्र काढलें होतें, अशी एक बाई तर पुढें या संग्रहाची जतनकर्ती म्हणूनच काम करूं लागली. २०११ सालीं मोठें प्रदर्शन झालें, तें या सर्वांच्या सांगण्याच्या आधारावर.

मात्र हें काम घड्याळाशीं स्पर्धा करीत चाललेलें आहे. १९५६ सालीं वीस वर्षांचा असलेला तरुण आज नव्वदीच्या घरांत आहे. निगेटिव्ह थंड खोलींत ठेवली तर शतकभर टिकेल. पण तिच्यांतील डावीकडच्या मुलीचें नांव ज्याला ठाऊक आहे, त्याला तसें ठेवतां येत नाहीं.

आपल्याकडेही पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर जुनें छायाचित्र असतें. पुढें खुर्च्यांवर पगडीवाले वडील मंडळी, मागें उभीं राहिलेलीं तरुण माणसें, पायांशीं बसलेलीं मुलें. त्यांतल्या मागच्या रांगेंतले तिसरे कोण, हें सांगणारें माणूस अजून घरांत असेल, तर आज रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांना विचारावें. आणि मऊ पेन्सिलीनें, दाब न देतां, तें नांव मागच्या बाजूस लिहून ठेवावें.